बाराच्या बारा पास

चौतीस वर्षं मी साताऱ्यात गणित शिकवलं. त्यातली निम्मी वर्षं शाळेची निकालपत्रकं माझ्याच हातची होती. त्यामुळे कुठलंही कोष्टक समोर आलं की माझी नजर खालून वर जाते. पहिला कोण आला हे गावभर झालेलंच असतं. खाली किती राहिले ते बघायचं असतं. गेल्या हिवाळ्यात मुलाकडे अमेरिकेत गेले, तेव्हा त्यानं मोठ्या कौतुकानं त्याच्या विद्यापीठाच्या हॉकी लीगचं गुणकोष्टक दाखवलं. बारा संघ, प्रत्येकाचे बावीस सामने. मी सवयीनं विचारलं, "यातले नापास किती?"

"एकही नाही. बाराच्या बारा प्लेऑफला जातात."

"मग बावीस सामने खेळून गळलं कोण?"

"गळत नाही कुणी, आई."

"मग खेळतात कशाला?"

तो तिथे पीएचडी करतोय. पाच वर्षं झाली, त्यामुळे 'कशाला करतात' या जातीच्या प्रश्नांना तो हल्ली उत्तर देत नाही. "खाली आबांना विचार," म्हणाला आणि लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

आबा म्हणजे त्याचे घरमालक. अस्सल अमेरिकन गृहस्थ, पण कानटोपी आणि खोकला थेट माझ्या सासऱ्यांचा, म्हणून आम्ही माय-लेक आपसांत त्यांना आबा म्हणतो. गाव ट्रॉय, न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या अंगाला, हडसन नदीच्या काठी. विद्यापीठ रेन्सलिअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट, म्हणजे आरपीआय. मुलाला प्रवेश मिळाला तेव्हा मी शिक्षक कक्षात पेढे वाटले होते. "मुलगा आरपीआयला गेला," असं सांगितल्यावर आमच्या नागरिकशास्त्राच्या सरांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "कोणत्या गटात?"

हॉकीचंही तसंच. माझी हॉकी म्हणजे खडकीच्या धनराज पिल्लेची. इथे त्या हॉकीला 'फील्ड हॉकी' असं दुय्यम नाव आहे आणि नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरची. चेंडूऐवजी रबराची काळी चकती, तिला पक म्हणतात. ती कठड्यावर आदळली की वर्गात कुणी डस्टर आपटल्यासारखा आवाज होतो. आरपीआयच्या संघाचं नाव 'इंजिनिअर्स'. देशातली अजिंक्यपदं दोन, १९५४ आणि १९८५ सालची. आणि आबांनी मला पहिल्याच भेटीत प्रेक्षकांची एक जुनी घोषणा म्हणून दाखवली, तीत साइन, कोसाइन, टँजंट सगळं होतं आणि पायची किंमतसुद्धा, तीही पाच दशांश स्थळांपर्यंत, बरोबर! साताऱ्यात मला हे एका वर्गाकडून कधी वदवून घेता आलं नाही. इथे म्हणे स्टेडियमभर ओरडतात.

तर मी आबांना विचारलं, की तुमच्या या लीगमध्ये सगळेच पास कसे?

आबांनी किराण्याची खाकी पिशवी कात्रीनं उभी कापली, टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर मिठाची बाटली, मिऱ्यांची बाटली, माझा चहाचा कप आणि स्वतःच्या चष्म्याचं घर ठेवलं, आणि सुताराच्या जाड पेन्सिलीनं ड्रॉ काढायला लागले. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम. पिशवीची पाठपोट दोन्ही बाजू भरायला दुपार गेली. कारण एक ड्रॉ काढून भागत नाही. किती सालचा हवाय ते आधी सांगावं लागतं.

लीगचं नाव ईसीएसी. जन्म १९६१चा, पहिली स्पर्धा १९६२ची. सुरुवातीला इतके संघ होते की सगळे एकमेकांशी खेळायचेही नाहीत आणि सामन्यांचा आकडाही सारखा नसायचा. म्हणून विजयांची टक्केवारी काढायची, वरचे आठ घ्यायचे, बाकीच्यांनी घरी जाऊन अभ्यास करायचा. मला हे एकदम पटलं. गुणवत्ता यादी म्हणतात ती हीच. मी मान डोलावली तसे आबा म्हणाले, "थांबा, अजून भांडण झालेलं नाही."

भांडण १९८४ साली झालं. बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी, प्रॉव्हिडन्स, न्यू हॅम्पशर वगैरे मंडळींनी वेगळी चूल मांडली, तिचं नाव हॉकी ईस्ट. मागे उरले ते बारा. तेव्हापासून एखादा गेला की दुसरा येतो, पण आकडा बाराच. आणि गंमत अशी, की संघ बारा ठरले त्या दिवसापासून लीगला एकच कोडं पडलेलं आहे: बारातून चार कसे काढायचे? मी गणिताची बाई. बाराला तीननं भागा, सुटला प्रश्न. पण आबांच्या पिशवीवर जे उमटत गेलं त्याला भागाकार म्हणायची माझी छाती नाही.

१९८०च्या दशकात उपांत्यपूर्व फेरीत दोन सामने असायचे. एकेक जिंकला तर? तर दुसरा सामना संपल्यावर त्याच रात्री, त्याच बर्फावर, त्याच घामेजलेल्या कपड्यांत दहा मिनिटांचा आणखी एक छोटा सामना. त्याला 'मिनी-गेम' म्हणायचे. दोन रात्री साठ-साठ मिनिटं झुंजायचं आणि वर्षाचा निकाल दहा मिनिटांत! मी म्हटलं, ही तर पुरवणी परीक्षा. वार्षिक पेपर संपल्याची घंटा झाली, आणि लगेच बाईंनी सांगितलं, की उठू नका, पाच गुणांचा एक प्रश्न फळ्यावर लिहितेय. आबांना मात्र त्या मिनी-गेमची अजून आठवण येते. "दहा मिनिटांत कुणी लघवीलाही उठायचं नाही," म्हणाले. ते मोडीत काढलं याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर अजून ताजं आहे.

पुढची गोष्ट ऐकून मी हातातला चहा खाली ठेवला. १९९८ ते २००२ या वर्षांत बारातल्या दहा संघांना प्लेऑफमध्ये घेत. दहांच्या पाच जोड्या. पाच जोड्यांतून पाच विजेते. आणि उपांत्य फेरीला लागतात चार. हे चौथीतल्या पोरानं हात वर करून सांगितलं असतं. समितीनं काय करावं? उरलेल्या पाचांतल्या खालच्या दोघांची गुरुवारी आपसांत एक झुंज लावली. या फेरीला नावसुद्धा धड सुचलं नाही. नाव काय, तर 'फोर व्हर्सेस फाइव्ह'. चौथा विरुद्ध पाचवा. मुलाचं नाव 'मधला' ठेवावं तसं. पाच वर्षं हे चाललं.

मग २००३ साली कुणाला तरी साक्षात्कार झाला, की भानगडच नको, सगळ्यांनाच घ्या. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही हा कायदा आपल्याकडे आला २००९ साली. म्हणजे ढकलपासात हे लोक आपल्या सहा वर्षं पुढे. वरच्या चौघांना पहिल्या फेरीतून पुढे चाल. पाचवा ते बारावा यांच्या चार जोड्या, पाचव्याची बाराव्याशी, सहाव्याची अकराव्याशी, असं. प्रत्येक फेरीनंतर क्रम पुन्हा लावायचा, म्हणजे उरलेल्यांतला वरचा उरलेल्यांतल्या खालच्याशी. पहिल्या फेरीत तीनपैकी दोन सामने जिंकायचे, उपांत्यपूर्व फेरीतही तसंच, पुढे एकेक सामना. २०२३पासून पहिल्या फेरीतली ही तीनपैकी दोनची सोयही गेली. आता एका रात्रीत काय तो निकाल. उपांत्यपूर्वला मात्र अजून तीनपैकी दोन आहे.

आबांचं बोट मिऱ्यांच्या बाटलीकडे गेलं. "म्हणजे बाराव्या क्रमांकाला अजिंक्यपदासाठी किती विजय लागतात?" एक, दोन, एक, एक. पाच. आणि ही लीग जिंकली की राष्ट्रीय स्पर्धेच्या सोळा संघांत थेट जागा. तिथे आणखी चार जिंकले की देशात पहिला. बावीसच्या बावीस हरून नऊ जिंका, तुम्ही राष्ट्रविजेते. असं आजवर कुणी केलेलं नाही, पण कागदावर मुभा आहे. आमच्या शाळेत एवढी मुभा फक्त संस्थाचालकांच्या पुतण्याला होती.

नुसत्या आकड्यांतच फेरबदल झाले असं समजू नका, बिऱ्हाडही हललं. अंतिम फेरी बरीच वर्षं बॉस्टन गार्डनमध्ये व्हायची, मग १९९३ला लेक प्लॅसिडला गेली. डोंगरातलं, तळ्याकाठचं चिमुकलं गाव, पण १९८०च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांनी तिथेच सोव्हिएत संघाला ४-३ हरवलं होतं, त्यामुळे या लोकांची ती पंढरी. २००३ला तिथून उठून ऑल्बनीत. २०११ला अटलांटिक सिटीत. हे समुद्रकाठचं जुगाराचं गाव. परीक्षा कॉलेजच्या पोरांची आणि केंद्र कसिनोंच्या शेजारी! तीन वर्षांत हौस फिटली आणि २०१४ला वरात पुन्हा लेक प्लॅसिडला. आबा या सगळ्या ठिकाणी गेले आहेत. अटलांटिक सिटीबद्दल विचारलं तर म्हणाले, "कोळंबी चांगली होती."

बाकीच्या लीगही काही कमी नाहीत. बिग टेननं २०१४ साली पहिली स्पर्धा भरवली, तीही सेंट पॉल आणि डेट्रॉइट इथल्या भल्याथोरल्या सभागृहांत आलटूनपालटून. खुर्च्याच जास्त, माणसं कमी. २०१८पासून तो थाट गुंडाळून सामने कॉलेजच्या आपापल्या रिंकवर. एनसीएचसी नावाच्या लीगनंही सेंट पॉलमधला शेवटचा मेळावा २०२५ला उरकला आणि घरचा रस्ता धरला. हॉकी ईस्टचं तर विचारू नका: आधी आठ घेत, मग बाराच्या बारा घेतले, मग एक संघ सोडून गेला, मग अकराच्या अकरा, मग पुन्हा आठ, मग परत अकरा. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या ज्यांनी सोसल्यात त्यांना हे समजावून सांगायला नको.

बदल का होतात, हे पिशवीची दुसरी बाजू भरता भरता माझ्या लक्षात यायला लागलं. दर वर्षी काहीतरी विपरीत घडतं आणि उन्हाळ्यात समिती बसते ती त्या विपरीताचा बंदोबस्त करायला. पेपर फुटला की पुढच्या वर्षी पाकिटाचा रंग बदलतो, तसं. पुढच्या वर्षी भलतंच काही होतं.

२०२१चंच बघा. कोविडमुळे बारातले चारच संघ खेळले. आरपीआयनं तर हंगामच रद्द केला होता. चारांत चौथा असलेला सेंट लॉरेन्सचा संघ जादा वेळेत जिंकून अजिंक्य झाला. त्याच रात्री त्यांच्या प्रशिक्षकांची चाचणी पॉझिटिव्ह निघाली आणि राष्ट्रीय स्पर्धेचं दार बंद. करंडक कपाटात, संघ घरात. हरलेला क्विनिपिॲक गेला पुढे. दोन वर्षांनी याच क्विनिपिॲकला लीगच्या उपांत्य फेरीत कोलगेटनं धूळ चारली, आणि तीन आठवड्यांनी तोच क्विनिपिॲक, जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला गोल करून, अख्ख्या देशात पहिला आला. तालुक्याला नापास, बोर्डात पहिला. आता यासाठी कोणता नियम करायचा ते समितीनंच सांगावं.

आणि मँकेटोची गोष्ट. ही दुसऱ्या लीगची, सीसीएचए नावाच्या, पण आबांनी ती मुद्दाम माझ्यासाठी राखून ठेवली होती. मार्च २०२२, मिनेसोटातलं मँकेटो गाव, मिनेसोटा स्टेट विरुद्ध बेमिजी स्टेट, अंतिम सामना. जादा वेळेत यजमानांनी गोल केला. पंचांनी तपासला, मान्य केला. मिठ्या झाल्या, करंडक दिला, फोटो झाले, पाहुणा संघ आत गेला. तासाभरानंतर दुसऱ्या एका कॅमेऱ्याच्या चित्रणात दिसलं, की पक जाळीत समोरून शिरलाच नव्हता. बाजूनं, खालच्या फटीतून आत गेला होता. मग काय? करंडक परत घेतला. पोरांना पुन्हा बूट चढवायला लावले. बर्फ पुन्हा सारवला आणि खेळ पुढे सुरू. आणि पुन्हा यजमानच जिंकले! निकाल लागला, पेढे वाटले, हार घातले, मग फेरतपासणी, आणि फेरतपासणीतही तोच पहिला. एकदा फेरतपासणीत माझ्या एका विद्यार्थ्याचे चार गुण कमी झाले होते, तेव्हा त्याच्या वडिलांनी पेढ्यांचे पैसे मागितले होते. मँकेटोत निदान ती वेळ आली नाही.

इतकं ऐकूनही माझा मूळ प्रश्न तसाच होता. सगळे पास, तर साखळी सामने कशाला? आबा म्हणाले, "शुक्रवारी चला."

शुक्रवारी आम्ही ह्यूस्टन फील्ड हाउसला गेलो. ही इमारत म्हणजे नौदलाचं जुनं गोदाम. महायुद्धानंतर ऱ्होड आयलंडहून उचलून आणून इथे उभं केलं, १९४९ सालापासून त्यात हॉकी चालते. मी साडी, तीवर स्वेटर, त्यावर मुलाचं जाकीट, पायांत दोन-दोन मोजे. आबांनी स्वतःच्या बसायच्या गादीवर मला बसवलं आणि आपण थंड फळीवर बसले. खेळ सुरू व्हायच्या आधी झांबोनी नावाचं यंत्र बर्फावरून फिरतं. एका बाजूनं खरवडतं, मागून पाण्याचा पातळ हात देत जातं. कडेपासून आत, वळणावळणानं, आधीच्या पट्ट्यावर चार बोटं चढवून. माझी आजी अंगण असंच सारवायची. सारवण सुकेपर्यंत कुणी पाऊल टाकायचं नाही, हाही नियम तोच. मग गोलरक्षक आला. त्यानं आपल्या काठीनं जाळीचे दोन्ही खांब एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ठोकून बघितले, जणू उंबरठा जागेवर आहे ना.

आणि मग आबांनी माझ्या कानाशी येऊन खरी गोष्ट सांगितली. पहिल्या फेरीतले चारही सामने पाचव्या ते आठव्या क्रमांकाच्या संघांच्या घरी होतात. नववा ते बारावा यांनी बस पकडून जायचं. आठवा आणि नववा यांच्यात पासनापासाचा फरक नाही, फरक केंद्राचा आहे.

एवढं म्हटल्यावर चौतीस वर्षांच्या नोकरीतलं सगळं एकदम उजेडात आलं. केंद्र! दहावीला पोरगं किती हुशार आहे हे आईबाप विचारत नाहीत, केंद्र कुठलं आलंय ते विचारतात. आपली शाळा, आपला बाक, ओळखीचा शिपाई, पाण्याची ओळखीची टाकी. २०२२ साली बोर्डानं शाळा तिथे केंद्र दिलं, तेव्हा आमच्या गावात दिवाळी झाली होती. त्या थंडगार गोदामात ती पोरं आठव्या जागेसाठी कठड्यावर अंग आपटत होती, ती घरच्या केंद्रासाठी. मी उभी राहून ओरडले. मराठीतून ओरडले, पण आबांना अर्थ कळला.

परतताना मात्र मी त्यांच्याशी भांडले. २०२३च्या बदलाबद्दल. आबांचं म्हणणं, पहिल्या फेरीत एकच सामना बरा. एक रात्र, धडधड, संपलं. मी म्हटलं, मिनी-गेमच्या आठवणीनं तुमची मती फिरली आहे. आणि त्यांनीच सांगितलेली हकीकत त्यांच्यावर उलटवली. १२ मार्च २०१०, इथून अर्ध्या तासावरच्या स्केनेक्टडीत युनियन विरुद्ध क्विनिपिॲक. साठ मिनिटांत निकाल नाही. जादा वेळ एक, दोन, तीन, चार, पाच! एकूण १५० मिनिटं २२ सेकंद खेळून क्विनिपिॲक ३-२नं जिंकला, तेव्हा मध्यरात्र केव्हाच उलटून गेली होती. पुरुषांच्या कॉलेज हॉकीतला तोवरचा सर्वांत लांब सामना. आणि पुढे काय झालं? पुढचे दोन्ही सामने युनियननं जिंकले आणि मालिका घेऊन थेट अंतिम फेरी गाठली. पाच वर्षांनी मॅसॅच्युसेट्सनं नॉटर डेमला १५१ मिनिटं ४२ सेकंदांत हरवून तो विक्रम मोडला, आणि त्यांचंही तेच. पुढचे दोन हरून घरी. एका रात्रीवर निकाल लावला असता तर युनियनची पोरं अडीच तास खेळून, एका गोलानं, कायमची घरी बसली असती.

"म्हणजे तुमच्या मते पहिला पेपर मोजायचाच नाही?" आबांनी विचारलं.

"मोजायचा. पण बुडाला तर पुढच्या पेपरला बसू द्यायचं. आमच्याकडे त्याला एटीकेटी म्हणतात."

आबांनी तो शब्द तीनदा घोळवला आणि पिशवीच्या उरलेल्या कोपऱ्यात इंग्रजीत लिहून ठेवला.

फेब्रुवारीअखेर मी परतले. पिशवी घडी घालून बॅगेत आणली आहे; सध्या ती शाळेच्या जुन्या निकालपत्रकांच्या फायलीत आहे. खाली शेरा मी लाल शाईनं लिहिला आहे: सगळ्यांना पास करायला हरकत नाही, वरच्या चौघांना सुटी देण्यासही नाही, मात्र पाचवा ते बारावा यांना पूर्वीप्रमाणे तीनपैकी दोन सामने देण्यात यावेत. वाचकांपैकी कुणाचं पोरगं त्या लीगच्या कार्यालयात नोकरीला असेल तर कृपया कळवावं. पिशवीची झेरॉक्स पाठवते. मूळ प्रत मिळणार नाही.